समोरच्याची डावी

झुरळांवर पोट भरणारी बाई म्हणून अख्खी गल्ली तिला ओळखायची, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. कोपऱ्यावरचा किल्लीवाला रोज सकाळी हटकायचा, "काय झुरळताई, आज किती मारणार?" ती म्हणायची, "मारत नाही हो, चालवते." आणि खरंच चालवायची. झुरळाच्या पायांना हलवणाऱ्या चेतापेशी असतात, त्यातली कोणती पाय उचलायला सांगते, कोणती टेकवायला, कोण बोलायला लागली की कोण गप्प बसते, हे सगळं ती कॉम्प्युटरवर आकड्यांत मांडायची. मग शेजारच्या टेबलावरचा यंत्रवाला ते आकडे एका सहा पायांच्या यंत्रात भरायचा. बुटाच्या खोक्याएवढं ते यंत्र प्रयोगशाळेच्या फरशीवर टकटक करत निघायचं आणि मिशीसारख्या दोन तारांतली एक भिंतीला घासत कडेकडेने चालायचं.

तिच्या टेबलावर एक कागद डकवलेला होता. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, "पोटाकडून की पाठीकडून?" हा तिच्याच फजितीचा फलक. मागच्या वर्षी तिने एका जुन्या चित्रावरून झुरळाच्या नसांची यादी उतरवून घेतली. झुरळ चित्रात उताणं होतं, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. त्याची डावी ती उजवी लिहून बसली आणि उजवी ती डावी. तीन महिने यंत्र भिंतीला मिशी लागली की बाजूला व्हायचं सोडून सरळ भिंतीवर जाऊन आपटायचं. चूक सापडली त्या दिवशी यंत्रवाल्याने हा कागद लिहिला आणि चिकटपट्टीने पक्का केला. "फाडायचा नाही हं बाई," म्हणाला, "निवृत्त झालात की घरी घेऊन जा."

ही चूक तिने घरी कधी सांगितली नाही. शिंप्याची मुलगी ती. दोन्ही बाह्या डाव्या कापणं ही त्या धंद्यात नवशिक्याची पहिली चूक, आणि तिने ती पन्नाशीला आल्यावर करून दाखवली. अप्पांना कळतं तर हसून हसून त्यांना ठसका लागला असता. पण अप्पांना आता सांगून काही कळण्यातलं नव्हतं.

त्या दुपारी यंत्र कोपऱ्यात अडकलं. दोन भिंती जिथे मिळतात तिथे तोंड खुपसून उभं, आणि पाय आपले चालूच. टकटक, टकटक. पुढे जायला जागा नाही, मागे फिरायची अक्कल नाही.

"बघा तुमचं ध्यान," यंत्रवाला हसत म्हणाला. "संध्याकाळपर्यंत असंच चालेल हे. बॅटरी संपेल तेव्हाच दम खाईल."

ती हसली नाही. तिला ते बघवेना. गेल्याच महिन्यात भरल्या सभागृहात ती म्हणाली होती, "चालायला आत कोणी असावं लागत नाही." लय पायांजवळच्या नसांच्या गाठींत असते, डोकं नुसतं चल म्हणतं आणि थांब म्हणतं, असं तिने समजावून सांगितलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्या संध्याकाळी ती घरी आली, तर अप्पा पॅसेजमधून चालत होते. भिंतीला हात लावून, या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. तिला आपलंच वाक्य आठवलं आणि ती दारातच थबकली.

अप्पांनी पंचेचाळीस वर्षं पायमशीन चालवलं. गेल्या तीन वर्षांत एकेक गोष्ट हातातून सुटत गेली. आधी गिऱ्हाइकांची नावं, मग घराचा रस्ता, मग तिचं नाव. ते तिला बॉबिन म्हणायचे, कारण लहानपणी ती दोऱ्याच्या त्या छोट्या रिळासारखी सतत मशीनखाली गडगडत असायची. त्या हाकेला वर्ष उलटून गेलं होतं. आता ते बोलतच नसत. पण चालत. खुर्चीत बसवलं तरी पाय खाली पायडल मारत राहायचे, वरती चेहरा कोरा. सदऱ्याच्या खिशात निळ्या खडूचा तुकडा असे, तो काढून घेतला की ते कासावीस व्हायचे. चालताना त्यांच्या मुठीतला तो खडू भिंतीवर रेघ ओढत जायचा. पॅसेजच्या दोन्ही भिंती कमरेच्या उंचीवर निळ्या झाल्या होत्या, आणि मावशी रोज ओल्या फडक्याने त्या पुसून रोज तेवढीच कुरकुरायची.

भीती वाटायची ती हीच, आणि तिने ती कोणाला बोलून दाखवली नव्हती. आपलं गणित झुरळाबद्दल बरोबर आहे, हे तिला ठाऊक होतं. ते अप्पांबद्दलही बरोबर निघालं तर? आपण रोज भात कालवून भरवतो, पाय चेपतो, अप्पा म्हणून हाक मारतो, ते नुसत्या चालण्याच्या सवयीला?

"दोन्ही मिशा एकदम टेकल्या तर दोन पावलं मागे आणि मग वळ, एवढंच घालू या," यंत्रवाला म्हणाला. त्याने बटणं दाबली, पाच-सात मिनिटं खुडबुड केली आणि यंत्र पुन्हा कोपऱ्यात सोडलं. ते अडकलं, दोन पावलं मागे आलं, वळलं, ऐटीत बाहेर पडलं. "सुटलं!" त्याने टाळी दिली. तिनेही दिली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. मावशी होती. आई गेल्यापासून हीच घर सांभाळायची, आणि दुपारी कधी फोन करायची नाही.

"अगं पोरी..."

"काय झालं? मावशी, बोल ना!"

"अप्पा नाहीत गं घरात. मीटर बघणारा आला होता. मी चष्मा आणायला आत गेले, एवढंच, एवढंच गं. दार उघडं राहिलं. सगळं घर पाहिलं, मोरीसुद्धा पाहिली."

"किती वेळ झाला?"

"पंधरा मिनिटं. नाही, वीस. मला मेलीला काही सुचेना, मी आधी पलंगाखालीच बघत बसले."

"तू दारातच उभी राहा. हलू नकोस तिथून, आले मी." पर्स घ्यायचंही तिला भान राहिलं नाही. यंत्रवाला मागून काहीतरी विचारत होता, तोवर ती जिना उतरली होती.

घर प्रयोगशाळेपासून दहा मिनिटांवर. पळत आली तर सहा. धापा टाकताना डोकं मात्र चालत होतं, आणि त्याचाच तिला आधार वाटला. अप्पा कुठे गेले हा प्रश्नच चुकीचा, असं तिने स्वतःला बजावलं. ते कुठे जायला निघालेलेच नाहीत. ते भिंत धरून चाललेत. उंबऱ्यापासून भिंत जिकडे नेईल तिकडे. कोणत्या हाताने धरतात ते कळलं की झालं. आणि ते तिला माहीत होतं, ती तर रोज बघत होती. पॅसेजच्या टोकाला तिचं टेबल. लॅपटॉपवरून नजर वर केली की अप्पा येताना दिसत, आणि त्यांचा हात नेहमी उजवीकडच्या भिंतीला. दाराबाहेर पडून उजवा हात भिंतीला, म्हणजे उजवीकडे. म्हणजे दुकानांची रांग आणि पुढे बसचा थांबा. माणसांची वर्दळ असते तिकडे, कोणीतरी अडवलं असेल. चला, एवढं तरी बरं.

डावीकडचा विचार तिने मनात येऊच दिला नाही.

मावशी दारात पदर तोंडाला लावून उभी होती. तिला काही न विचारता ती उजवीकडे वळली. भिंत धरून चालणारा माणूस उघड्या दारातून आतही शिरणार, म्हणून प्रत्येक दुकानात डोकावणं आलं. औषधाच्या दुकानात नाहीत. केस कापणाऱ्याकडे नाहीत. चपलांच्या दुकानात एक बाई खोकीच्या खोकी उघडून बसली होती, तिने वर पाहून मान हलवली. "म्हातारे गृहस्थ, पांढरा सदरा, भिंतीला हात लावून चालणारे?" "नाही हो." "नाही ताई." "सकाळपासून कोणी नाही." ती दोन दुकानांमधल्या बोळांत शिरली, जिन्यांखाली वाकून पाहिलं. खडूची रेघ कुठेच नव्हती. नाहीच उमटणार, तिने मनाशी म्हटलं, शटरं लोखंडी आणि दरवाजे काचेचे, त्यावर कुठला खडू लागतोय. घाबरलेलं माणूस स्वतःला काय वाट्टेल ते पटवतं.

बसच्या थांब्यापर्यंत जाऊन ती परत आली, तेव्हा घड्याळात आणखी पाऊण तास गेला होता. किल्लीवाला आपल्या टपरीत कानस घासत होता. मघाशी तिने त्याला विचारलंच नव्हतं, कारण टपरी कोपऱ्यावर, रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला.

"झुरळताई, काय झालं? चेहरा का असा?"

"अप्पा हरवलेत. भिंत धरून चालतात हो ते, असे." तिने उजवा हात उचलून हवेतल्या भिंतीला लावून दाखवला.

"असे?" त्यानेही हात उचलला. तो तिच्या समोर तोंड करून उभा होता. तिचा उजवा हात ज्या बाजूला होता, त्याच बाजूचा त्याने उचलला. आणि तो त्याचा डावा होता.

ती त्या हाताकडे बघतच राहिली.

अप्पा तिच्याकडे चालत येत तेव्हाच ती वर बघायची. आता टेबलाला धडकतील का, काही मागतील का, या धास्तीने. ते पाठ फिरवून जायला लागले की सुटले म्हणून ती पुन्हा पडद्यात डोकं घालायची. म्हणजे तिने बापाला कायम समोरून पाहिलं होतं. जाताना एकदाही नाही. तिच्या उजवीकडची भिंत ही अप्पांची डावी होती.

"उताणं झुरळ," ती म्हणाली. किल्लीवाल्याला काही कळलं नाही. त्याने कानस खाली ठेवली आणि "ताई, मी येऊ का?" असं तो विचारेपर्यंत ती धावत सुटली होती.

डावीकडे घरांची रांग संपते तिथून काचेच्या कारखान्याची भिंत लागते. कारखाना बंद पडून दहा वर्षं झाली, आत कोणी नसतं, बाहेर कोणी जात नाही. ती भिंत एक दार नाही की फट नाही अशी थेट कालव्यापर्यंत जाते. आणि तिथेही थांबत नाही. पूर्वी तिथे होड्यांतून माल चढायचा, त्यासाठी फरसबंदी उतार केलेला आहे, आणि भिंत त्या उताराबरोबर खाली खाली जात पाण्यात शिरते. लहानपणी अप्पाच तिला दटावायचे, "तिकडे फिरकलीस तर तंगडं मोडीन, कळलं?" भिंत धरून चालणाऱ्याला पाणी कुठे सुरू झालं ते कळणार नाही. पाय आपले चालतील.

भिंतीच्या पहिल्याच विटांवर तिला ती दिसली. कमरेच्या उंचीवर, बारीक, निळी रेघ.

रेघ कुठे तुटत नव्हती. गिलावा उडाला होता तिथे ती विटेच्या खाचेत उतरून पुन्हा वर येत होती, वेलीची मुळं होती तिथे त्यांच्यावरून जात होती. कापडावर बेत आखावा तशी सरळ. "अप्पा!" ती ओरडली. "अहो अप्पा!" भिंतीवरून तिचाच आवाज परत आला. तिला आता पळताना रडू येत होतं आणि स्वतःचा इतका राग येत होता की दातांवर दात आवळले गेले. पाऊण तास. पाऊण तास आपण चपलांची दुकानं हुडकत होतो. एवढी शिकलेली बाई, कागद डकवून ठेवलेली, आणि पुन्हा तीच चूक. या वेळी झुरळ नव्हतं, बाप होता.

उतार आला. रेघ भिंतीबरोबर खाली वळली. समोर कालव्याचं पाणी, हिरवं, निपचित. त्यावर काही तरंगत नव्हतं, बुडबुडाही नव्हता. पुढे जायचा धीर होईना. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि तेव्हा तिला ऐकू आलं.

खर्र, खर्र. खर्र, खर्र. बुटाचे तळवे दगडावर घासल्याचा आवाज.

उताराच्या मध्यावर पूर्वीचं लोखंडी फाटक होतं. त्याचं एक दार कधीचं निखळून गेलेलं. भिंतीकडचं अर्धवट उघडून चिखलात रुतून बसलेलं, आणि ते गंजलेलं दार आणि भिंत यांच्यामध्ये एक कोपरा तयार झाला होता. त्या कोपऱ्यात अप्पा उभे होते. कपाळ लोखंडाला टेकलेलं, डावा हात भिंतीवर, आणि पाय चालत होते. पुढे जायला जागा नव्हती. पलीकडे पाच पावलांवर पाणी. भिंतीवर हाताखाली खडू झिजून झिजून निळा गोळा उमटला होता.

दोन पावलं मागे आणि मग वळ. दुपारी आपण टाळ्या दिल्या त्या याच्यावर. अप्पांना तेवढी अक्कल उरली असती, तर ते त्या कोपऱ्यातून सुटून थेट पाण्यात गेले असते.

ती खाली उतरली, जीव मुठीत धरून, हळू, म्हणजे ते दचकू नयेत. "अप्पा," ती म्हणाली. पाय चालत होते. तिने खांद्यावर हात ठेवला. सदरा घामाने भिजला होता, खांदा गरम होता, आणि खालून ती लय तिच्या हातात येत होती, एकसारखी, यंत्रासारखी. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. इतका वेळ तिला पाण्याची भीती वाटत होती. आता ती पाण्याला पाठ करून उभी होती आणि हाताखालच्या माणसाची भीती वाटत होती. ही टकटकच उरली असेल तर? घरी नेऊन बसवू, पुन्हा पॅसेज, पुन्हा रेघा, आणि आत कोणी नाही. "अप्पा, मी आहे हो," ती रडत म्हणाली. "बोला ना काहीतरी. शिवी द्या वाटलं तर."

काही नाही. खर्र, खर्र.

तेव्हा ती त्यांच्या आणि त्या लोखंडी दाराच्या मधे घुसली. अंग चोरून, पाठीला गंज लागत, ती समोरासमोर उभी राहिली. आणि का कोण जाणे, लहानपणी शाळेचा नवा झगा शिवायचा असला की उभी राहायची तशी ताठ झाली. हनुवटी वर. हात अंगापासून थोडे दूर.

"माप घ्या," ती म्हणाली.

अप्पांचा हात भिंतीवरून सुटला. दोन्ही हात तिच्या खांद्यांवर आले. टेप नव्हती, त्यांनी वीत टाकली, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, मग उरलेली बोटं. खांद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग बाही जोडतात त्या मुंढ्याशी त्यांनी बोट टेकवलं, शिंपी टेकवतो तसं, नेमकं.

तिला आधी कळलंच नाही काय बदललं ते. मग कळलं. खालचा आवाज थांबला होता. पाय उभे होते.

तिने श्वास रोखून हात पुढे केला, उजवा. अप्पांनी तो हलकेच चापट मारून बाजूला केला.

"डावी आधी," ते म्हणाले. आवाज गंजलेला, पण त्यांचाच, लहानपणी गिऱ्हाइकासमोर ती मापांच्या वहीत चुकीचं लिहायची तेव्हाचा. "समोरच्याची डावी ती आपली उजवी. किती वेळा सांगायचं गं तुला, बॉबिन?"

तिने डावा हात पुढे केला. त्यांनी खांद्यापासून मनगटापर्यंत वीत टाकली, एकदा, दोनदा, मग बोटं मोजली. "साडेएकवीस," म्हणाले. "लिही."

"लिहिते अप्पा," ती म्हणाली.

त्यांनी मान डोलावली. आणि मग ते गेले. म्हणजे तिथेच उभे होते, पण डोळ्यांतलं ते गेलं, आणि डावा हात पुन्हा हवेत चाचपडायला लागला, भिंत शोधत. पाऊल उचललं गेलं.

तिने विचार केला नाही. त्यांना खांद्याला धरून फिरवलं, पाण्याकडे पाठ, उताराकडे तोंड, आणि ती त्यांच्या डाव्या अंगाला जाऊन चिकटून उभी राहिली. तो हात आला, चाचपडत तिच्या दंडावर टेकला आणि तिथेच राहिला. खडू तिच्या बाहीवर घासला. ती एक पाऊल चालली, अप्पा एक पाऊल चालले. ती थांबली, ते थांबले. कारखान्याची भिंत त्यांच्या उजव्या हाताला होती, तिकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. उतार चढून वर येईपर्यंत तिने एकदाही वाटेकडे पाहिलं नाही, डोळे त्यांच्या पायांवरच होते. वळणावर किल्लीवाला धावत येत होता, तिने लांबूनच हात करून त्याला थांबवलं. या घडीला मधे कोणी नको होतं.

दारात मावशी तशीच उभी होती. दोघांना पाहून तिने हंबरडा फोडला. "मिळाले गं बाई! ओळखलं का तुला? काही बोलले का?"

"साडेएकवीस," ती म्हणाली. अप्पांचा हात अजून तिच्या दंडावर होता. "बाही साडेएकवीस. मावशी, आधी ते लिहून घे. मी विसरायच्या आत लिही, मग रड."